कानापासून अर्थापर्यंत : कवितेच्या घटकाचे नियोजन

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या नवशिक्षक उद्बोधन वर्गातील व्याख्यान. या वर्गास माजी विद्यार्थी व पालक यांनाही निमंत्रण होते.)



पाठ्यपुस्तकात कविता आली की वर्गात काय घडते, ते येथे बसलेल्या प्रत्येकाने विद्यार्थिदशेत अनुभवलेले आहे. शिक्षक कविता एकदा मोठ्याने वाचतात. फळ्याच्या डाव्या बाजूला कठीण शब्द आणि उजव्या बाजूला त्यांचे अर्थ लिहिले जातात. मग एकेक ओळ घेऊन तिचा ‘सरळ अर्थ’ सांगितला जातो. तिसऱ्या तासिकेला स्वाध्यायाची उत्तरे वहीत उतरतात आणि घटक संपतो. परीक्षेत ‘कवीला काय सुचवायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत बिनचूक येते. वर्षभराने त्याच मुलाला ती कविता म्हणून दाखवायला सांगितले, तर पहिल्या ओळीपुढे त्याला जाता येत नाही. उत्तर हाती राहते आणि कविता निसटून जाते.

हा दोष नव्या शिक्षकाच्या आळसाचा नव्हे. बी. एड.च्या सराव पाठांसाठी त्याने जी पाठ टाचणे लिहिलेली असतात, त्यांचा साचा ठरलेला असतो. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, उपयोजन अशी हर्बार्टच्या पंचपदीतून आलेली ती चौकट भूगोलाच्या किंवा शास्त्राच्या पाठाला नीट बसते, कारण तेथे कळणे हेच साध्य असते. कविता मात्र कळण्याच्या आधी ऐकू येते. पाळण्यातल्या बाळाला अंगाईचा एक शब्दही कळत नाही, तरी ते तिच्याने निजते. म्हणून कवितेच्या घटकाचे नियोजन कानापासून सुरू व्हावे आणि तेथून अर्थाकडे जावे, एवढेच आजच्या व्याख्यानाचे सांगणे आहे.

बडोद्यासारख्या गावी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पुण्या-नाशिकच्या मुलाच्या कानावर मराठी रस्त्यात, दुकानात, बसमध्ये पडत असते. शाळेने कविता नीट शिकवली नाही, तरी तेथे भाषा दुसऱ्या वाटेने आत येते. येथे दांडिया बाजार ओलांडला की कानावर गुजराती येते. ती गोड आहे, जवळची आहे, पण मराठी नव्हे. त्यामुळे मुलाच्या मराठीला दोनच दारे उरतात, घर आणि शाळा. घरात कामापुरते बोलले जाते : जेवलास का, दप्तर भरले का, उशीर का झाला. भाषेचे उरलेले सारे वैभव वर्गातल्या कवितेच्या तासाला यावे लागते. तो तास शब्दार्थांत आणि उत्तरांत गेला, तर ते दुसऱ्या कोठून येणार?

हे वैभव या शहराला परके नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कवी चंद्रशेखर आणि पुढे यशवंत हे बडोद्याचे राजकवी होते. मराठी छंदांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाने बांधून दिला, त्याचे कर्ते माधव ज्यूलियन यांचा जन्म १८९४ मध्ये याच गावी झाला. कवितेची अक्षरे आणि मात्रा मोजायला शिकवणारी शिक्षिका या गावचेच एक काम पुढे नेत असते.

नियोजन प्रत्यक्ष कसे करावे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इयत्ता सातवीचा वर्ग, पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका आणि घटकाचा विषय ‘अंगाई आणि पाळणा’. हा विषय निवडण्याचे कारण असे की त्याची सामग्री पुस्तकाबाहेर घराघरांत पडलेली आहे आणि ती दोन भाषांत आहे. मराठी घरात अंगाई आहे, बारशाचा पाळणा आहे. शेजारच्या गुजराती घरात हालरडुं आहे. मुलाच्या कानाला दोन्हींची ओळख असते. दुभाषी असणे हे त्या मुलाचे उणेपण नसून त्याचे भांडवल आहे, हे नव्या शिक्षिकेने नियोजनाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

कविता निवडताना चारांपलीकडे जाऊ नये. नव्या शिक्षकाचा उत्साह दहा कविता गोळा करतो आणि मग एकही धड ऐकवली जात नाही. या घटकासाठी बारशाला म्हटला जाणारा एक पाळणा, जात्यावरच्या दोन-तीन ओव्या, एखाद्या आधुनिक कवीची अंगाई आणि झवेरचंद मेघाणी यांचे ‘शिवाजीनुं हालरडुं’ एवढे पुरे. ओव्यांसाठी साने गुरुजींनी संकलित केलेला ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह हाताशी ठेवावा. या चारांपैकी निदान एक रचना शिक्षिकेला स्वतःला मनापासून आवडणारी असावी. न आवडणारी कविता आवडल्याचे सोंग मुले पाच मिनिटांत ओळखतात.

पाठ टाचण लिहिण्यापूर्वीची तयारी तोंडाने करायची असते. निवडलेली रचना शिक्षिकेने घरी मोठ्याने निदान दहा वेळा म्हणावी. श्वास कोठे घ्यावा लागतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. कोणत्या शब्दावर आवाज आपोआप हळू होतो, ते पाहावे. गळा गोड नसेल तर चाल लावण्याचा हट्ट धरू नये. स्वच्छ उच्चारलेली, सावकाश म्हटलेली कविता पुरेशी असते. भ्रमणध्वनीवरचे तयार गाणे पहिल्याच दिवशी वर्गात वाजवू नये. वाद्यमेळात शब्द बुडतात, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून भाषा ऐकण्याचा दुर्मीळ प्रसंग हातचा जातो.

आता तासिकांचा क्रम.

पहिल्या तासिकेला पुस्तके बंद असावीत आणि फळा कोरा असावा. शिक्षिकेने पाळणा दोनदा म्हणावा आणि मुलांनी फक्त ऐकावा. त्यानंतरचा प्रश्न अर्थाविषयी नसावा. ‘कोणता शब्द कानात राहिला?’ एवढेच विचारावे. वर्गातल्या सर्वांत अबोल मुलालाही या प्रश्नाचे उत्तर देता येते आणि कोणाचेही उत्तर चूक ठरत नाही. ते शब्द फळ्यावर लिहिले की पाळण्याचा निम्मा सांगाडा मुलांनीच उभा केलेला दिसतो. तास संपताना पाळणा तिसऱ्यांदा म्हणावा.

दुसरी तासिका मोजणीची. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचे सूत्र येथे उपयोगी पडते. अनेक मुलांना मनाचे श्लोक पाठ असतात. ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक ओळीत बारा अक्षरे, आणि लघु-गुरु-गुरु असा तीन अक्षरांचा गण चार वेळा. मुलांनी टाळ्या वाजवून तो क्रम ऐकावा, मग पाटीवर लघु-गुरूच्या खुणा कराव्यात. त्यानंतर जात्यावरची ओवी घ्यावी. तिची अक्षरे मोजली की ती ओळीगणिक कमीजास्त भरतात, तरीही म्हणताना ओवी अडखळत नाही. असे का, याचा शोध मुलांनीच घ्यावा. गाणारी बाई स्वर लांबवून किंवा आखडून ओळ जात्याच्या फेऱ्यात बसवते, हे थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येते. श्लोकात माप आधी ठरलेले असते. ओवीत ते हाताच्या कामाबरोबर ठरते. व्याकरणाच्या पुस्तकातले वृत्तप्रकरण एरवी रुक्ष वाटते, ते अशा वेळी जिवंत होते.

तिसऱ्या तासिकेला गृहकार्य समजावून द्यायचे असते. प्रत्येक मुलाने घरातून अथवा शेजारातून झोपवण्याचे एक गाणे आणायचे. गाणे कोणी सांगितले, त्यांनी ते कोणाकडून ऐकले आणि ते कोणासाठी म्हटले गेले, ही तीन टिपणे सोबत हवीत. भाषेची अट नसावी. गाणे अर्धेच आठवत असेल तर अर्धेच आणावे, उरलेल्या जागी मोकळी ओळ सोडावी.

याच ठिकाणी नव्या शिक्षिकेने सर्वांत अधिक सावध राहायचे असते. ‘आईकडून अंगाई लिहून आणा’ हे वाक्य वर्गात सहज उच्चारले जाते. पण एखाद्या मुलाची आई हयात नसते, एखादे मूल वसतिगृहात किंवा काकांच्या घरी राहत असते, एखाद्या घरात आई रात्रपाळीला जाते आणि मुलाला कोणी गाऊन निजवलेलेच नसते. असे मूल दुसऱ्या दिवशी ‘वही विसरलो’ म्हणते आणि कवितेच्या तासापासून मनाने कायमचे दूर जाते. म्हणून सूचना देताना ‘आई’ हा शब्द टाळावा. गाणे आजोबांचे चालेल, शेजारच्या काकूंचे चालेल, शाळेच्या शिपाईकाकांचेही चालेल. ज्याला कोठेच मिळणार नाही त्याच्यासाठी शिक्षिकेने स्वतःजवळ दोन गाणी ठेवावीत आणि त्याला एकट्याला बोलावून म्हणून दाखवावीत. ते त्याने इतर कोणत्याही गाण्यासारखेच वहीत उतरवून आणावे. घटकाच्या नियोजनात या मुलाची जागा आधीच आखलेली नसेल, तर ते नियोजन अपुरे आहे.

चौथ्या तासिकेला आणलेली गाणी वाचली जातात. काही मुले मराठी आणतील, काही गुजराती, काही मिश्र. याच वेळी बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी दोन वाक्ये सांगावीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी उतरवून घेतली म्हणून ती उरली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वहीत एक ओळ उतरवून घेणे हे किती मोठे काम असू शकते, हे मुलांना यातून उमगते.

पाचवी तासिका मेघाणींची. झवेरचंद मेघाणी (१८९६-१९४७) यांनी सौराष्ट्रातील लोकगीते गावोगावी फिरून गोळा केली. ‘रढियाळी रात’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. लोकगीतांच्या त्या लयीतूनच त्यांनी जिजाऊ बाळ शिवाजीला निजवीत आहेत असे हालरडुं लिहिले. मराठी मुलाला शिवाजी महाराज ठाऊक असतात आणि गुजराती शब्दही कळतात. दोन्हींचा मेळ एकाच गीतात त्याला प्रथमच भेटतो. या गीतातली आई बाळाला आज पोटभर झोपून घे असे सांगते, कारण उद्या लढाया आहेत. निजवण्याच्या गाण्यात युद्ध कशाला, हा प्रश्न मुलांकडून येतोच. तो आला नाही तर शिक्षिकेने विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये.

सहाव्या तासिकेला अर्थ. पाच दिवस ऐकून, मोजून, गोळा करून झाल्यावर आता अर्थाला बसायला जागा तयार झालेली असते. मुख्य प्रश्न एकच ठेवावा : बाळाला शब्द कळत नाहीत, मग अंगाईतले शब्द कोणासाठी असतात? चर्चा होऊ द्यावी. जमलेली गाणी पुन्हा चाळली की मुलांना दिसू लागते की कोठे माहेरची आठवण आहे, कोठे बाहेरगावी गेलेल्या बापाची वाट पाहणे आहे, कोठे दिवसभराचा शीण आहे. निजवणारी बाई बाळाशी बोलता बोलता स्वतःशी बोलत असते. हे शिक्षिकेने सांगितले तर ते एक वाक्य होते. मुलांना सापडले तर ते रसग्रहण होते. कठीण शब्दांचे अर्थ याच तासिकेला, ज्या ओळीत अडेल त्या ओळीत सांगावेत.

सातव्या तासिकेला मुलांनी स्वतः लिहायचे. ‘अंगाई लिहा’ एवढे मोघम सांगितले तर चांदोबा आणि परी यांच्या पलीकडे लेखणी जात नाही. कोणाला निजवायचे ते ठरवून द्यावे : सूरसागर तलावाला, शाळेच्या घंटेला, आजोबांच्या जुन्या स्कूटरला किंवा विश्वामित्री नदीतल्या मगरीला. चार ते सहा ओळी, एक ओळ फिरून यायला हवी, आणि घरात ऐकलेला एक तरी जुना शब्द त्यात हवा. बंधन जितके नेमके, तितके मूल मोकळेपणाने लिहिते.

आठव्या तासिकेला सादरीकरण. येथे उच्चारांचा प्रश्न येतो. मराठीत ‘चांदोबा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे आहेत, गुजरातीत तो भेद नाही. त्यामुळे येथील कित्येक मुले ‘चांदोबा’ही ‘चहा’सारखाच उच्चारतात. भर वर्गात त्यावर हसणे झाले तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. शिक्षिकेने ती ओळ स्वतः बरोबर उच्चारून सर्व वर्गाकडून दोनदा म्हणवून घ्यावी. कान सुधारला की जीभ सुधारते.

मूल्यमापनाविषयी पालकांच्या मनात शंका असते आणि ती रास्त आहे. आठ तासिका गाणी म्हणण्यात गेल्या, मग गुण कोठून मिळणार? या घटकाचे वीस गुण धरले तर पाच गुण मुखोद्गत म्हणण्याला, पाच गाणे आणि टिपणे मिळवून आणण्याला, पाच स्वरचित ओळींना आणि पाच अपठित कवितेवरील प्रश्नांना द्यावेत. शेवटचे पाच गुण महत्त्वाचे, कारण शिकवलेल्या कवितेचे उत्तर पाठ करता येते, न शिकवलेल्या कवितेचे येत नाही. ज्या मुलाने सहा दिवस कवितेकडे कान दिलेला आहे, ते अनोळखी कवितेपुढे गोंधळत नाही. वार्षिक परीक्षेतही त्याचा उपयोग झाल्याशिवाय राहत नाही.

नव्या शिक्षिकेला या कामी ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आधार लागतो. पाठ निरीक्षणाला बसणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी शेरेवहीत ‘आवाज कमी’, ‘फलकलेखन सुधारावे’ एवढेच लिहून उठू नये. मुलांनी कोणत्या क्षणी माना वर केल्या आणि कोणत्या क्षणी खिडकीबाहेर पाहिले, हे वेळेसह टिपावे. ते टिपण घेऊन दोघांनी दहा मिनिटे बोलावे. पुढच्या वर्षीचे नियोजन या दहा मिनिटांतून तयार होते. पहिल्या वर्षी घटक फसला तरी चालेल. आठांपैकी दोन तासिका साधल्या तर त्या दोन जपाव्यात आणि उरलेल्या सहा नव्याने आखाव्यात.

शेवटी पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठी. मराठी माध्यमाच्या शाळेला या प्रांतात साठ वर्षे पूर्ण होतात, तेव्हा पुढच्या वर्षांची चिंता प्रत्येकाच्या मनात असते. पटावरची संख्या हा त्या चिंतेचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की पटावर असलेल्या मुलाच्या कानात मराठी किती आहे. पहिल्या प्रश्नाला पैसा, इमारत, शासनाचे धोरण असे अनेक धागे आहेत. दुसऱ्याचे उत्तर मात्र आज रात्री, घरातल्या घरात देता येते. पालकांनी दिवसाकाठी दहा मिनिटे मुलाला काहीतरी मराठीतून मोठ्याने म्हणून दाखवावे. श्लोक, ओवी, पाळणा, जे येत असेल ते.

या गावातल्या काही जुन्या घरांत गाण्यांच्या हस्तलिखित वह्या अजून जपलेल्या आहेत. हळदीच्या बोटांचे ठसे त्यांच्यावर आहेत, कागद पिवळा पडला आहे, पुष्कळ ठिकाणी शाई पुसट झाली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी तिची छायाप्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. वही नसेल पण घरात कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना विचारून चार ओळी उतरवून घ्याव्यात, आणि कोणाच्या तोंडून कोणत्या गावी ऐकल्या ते खाली लिहावे. येत्या जूनमध्ये सातवीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या नव्या शिक्षिकेला पहिल्या तासिकेसाठी ते गाणे हवे आहे.